तारेंतील दोष आणि दोषाचा इतिहास

यंत्र बिघडलें म्हणजे कारागिरास बोलवावें आणि राज्य बुडालें म्हणजे इतिहासकारास, अशी कामाची वांटणी आपल्याकडे रूढ आहे. मोडलेलें दुरुस्त करणें हें एकाचें काम, आणि तें कां मोडलें हें सांगत बसणें हें दुसऱ्याचें. ह्या दोघांचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं अशीच आमचीही समजूत होती. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं कोल्हापुरांतील एका महाविद्यालयांत घडलेल्या एका लहानशा प्रकरणानें ती समजूत ढळली. प्रकरण एवढेंच कीं, सर्व्हर म्हणून नव्यानें आणलेल्या संगणकाचें नेटवर्क कार्ड भिंतींतून आलेल्या केबलशीं जोड धरीना. केबल बसविली कीं कार्डावरचा हिरवा दिवा लागावा, तो लागेना. एक दिवा लागला नाहीं ह्याचें विशेष तें काय, असें वाचकांस वाटेल. परंतु ह्या न लागलेल्या दिव्यापायीं एका गरीब परिचराच्या पगारावर गदा येण्याची वेळ आली होती, आणि त्या चौकशीच्या समितींत आमची नेमणूक झाली होती. आमचा विषय इतिहास. यंत्रविद्येंत आमची गति बेताची. तेव्हां आम्हीं आम्हांस येत होतें तेंच केलें. दोन यंत्रांमधील 'जोड' म्हणजे काय, ती पूर्वीं कशी असे आणि आज कशी झाली, ह्याचा मागोवा घेतला. तो मागोवा आधीं सांगून मग त्या प्रकरणाकडे वळणें सोयीचें होईल.

दूरचीं दोन ठिकाणें विजेच्या तारेनें जोडण्याचा मोठा प्रयोग हिंदुस्थानांत १८३९ सालीं कलकत्त्यास झाला. तेथील मेडिकल कॉलेजांत रसायनशास्त्र शिकविणारे डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनीं मैलोगणती तार ताणून तिच्यांतून संकेत पाठविले. पलीकडे संकेत पोंचला कीं नाहीं हें ओळखण्याच्या ज्या युक्त्या त्यांनीं करून पाहिल्या, त्यांत बोटाला बसणारा विजेचा झटका हीही एक होती. जोडीचा पुरावा म्हणजे माणसाचें बोट, अशी ती अवस्था. पुढें लॉर्ड डलहौसी यांच्या पाठबळानें कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार १८५१ च्या सुमारास चालू झाली, १८५४ सालीं कलकत्ता व आग्रा जोडले गेले, आणि १८५५ सालीं तारखातें सर्व लोकांस खुलें झालें. २०१३ च्या जुलै महिन्यांत तें बंद पडेपर्यंत दारावर आलेल्या तारवाल्यानें किती घरांचा जीव खालींवर केला असेल, त्याची गणति नाहीं.

तार आली त्याच दिवशीं तारेंतील दोषही आला. तारखात्यांतील माणसें दोषाचे मुख्यतः तीन प्रकार मानीत: तार तुटणें, तार जमिनीस लागून वीज जमिनींत मुरणें, आणि दोन तारा एकमेकींस चिकटणें. तिन्हींचें बाह्य लक्षण एकच, कीं बातमी पोंचत नाहीं. परंतु तिन्हींचीं कारणें वेगळीं आणि उपायही वेगळे. शिवाय दोष शंभर मैलांच्या तारेंत नेमका कोठें आहे हें कसें कळावें? प्रत्येक खांबावर माणूस चढविणें शक्य नव्हतें. ह्यावर जी रीति निघाली ती मोठी मार्मिक आहे. सदोष तारेचें दूरचें टोंक शेजारच्या निर्दोष तारेस जोडावयाचें. म्हणजे गेलेली वीज त्या दुसऱ्या तारेनें परत येते व एक वेटोळें तयार होतें. मग ज्या तुलायंत्रास 'व्हीट्स्टनचा पूल' म्हणतात त्याच्या साह्यानें वेटोळ्याच्या दोन भागांचा विरोध तोलावयाचा. त्या प्रमाणावरून दोष किती अंतरावर आहे हें ठाण्यांत बसल्याबसल्या काढतां येई. ह्या रीतींतील तत्त्व हें, कीं जें सदोष आहे असा संशय आहे त्याची परीक्षा जें निर्दोष आहे असें ठाऊक आहे त्याच्याशीं ताडून करावी. इतिहासांत संशयित कागदाची परीक्षा अस्सल कागदाशीं ताडूनच करतात, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

हें तत्त्व सोडून नुसत्या जोरावर भिस्त ठेवली म्हणजे काय होतें, ह्याचें उदाहरण १८५८ सालीं घडलें. त्या वर्षीं ऑगस्टमध्यें आयर्लंड आणि न्यू फाउंडलंड यांच्या दरम्यान अटलांटिक महासागराच्या तळाशीं टाकलेली पहिली केबल पुरी झाली. इंग्लंडच्या राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे जावयास सुमारें १६ तास लागले. संकेत क्षीण येत होते. विल्यम टॉमसन ह्या शास्त्रज्ञाचें म्हणणें असें कीं, वीज थोडीच असूं द्यावी आणि ती ओळखणारें साधन अधिक नाजूक करावें. त्यासाठीं त्यानें आरशाचें विद्युन्मापक यंत्र तयारही केलें होतें. परंतु कंपनीचा विद्युत्-अधिकारी व्हाइटहाउस ह्याचा विश्वास दाबावर. त्यानें सुमारें २००० व्होल्टचा दाब देणारीं मोठीं वेटोळीं लावलीं. केबल आधींच दुबळी होती; ह्या उपचारानें ती अधिक लवकर गतप्राण झाली. कांहीं आठवड्यांतच महासागर पुन्हां मुका झाला, आणि टिकाऊ जोड मिळण्यास १८६६ साल उजाडावें लागलें. समोरचा ऐकत नाहीं म्हणजे आपण अधिक मोठ्यानें ओरडावें, ही मनुष्यमात्राची खोड आहे. ती तारेच्या बाबतींत इतकी महाग पडली. मुंबई समुद्रतळाच्या तारेनें एडन आणि सुएझमार्गें १८७० सालीं इंग्लंडशीं जोडली गेली, तोंपर्यंत हा धडा सर्वांच्या अंगवळणीं पडला होता.

आतां संगणकांकडे येऊं. २२ मे १९७३ रोजीं अमेरिकेंत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनसंस्थेंत रॉबर्ट मेटकाफ ह्यांनीं एक टिपण लिहिलें आणि त्यांत आपल्या योजनेस 'इथरनेट' असें नांव दिलें. हें नांव ज्यावरून घेतलें तो ईथर म्हणजे प्रकाश वाहून नेणारें सर्वव्यापी द्रव्य. तें असल्याचा पुरावा मिळत नाहीं हें १८८७ च्या मायकेलसन आणि मॉर्ले यांच्या प्रयोगानें दाखविल्यावर पदार्थविज्ञानानें पुढें त्याला रजा दिली. तेथून निघालेला शब्द संगणकांच्या तारांत येऊन राहिला. आरंभींच्या ह्या योजनेंत एक जाड केबल साऱ्या इमारतींतून फिरविलेली असे आणि सारे संगणक तिलाच लटकलेले असत. गांवच्या एकाच पाणवठ्यावर सर्वांनीं पाणी भरावें तसा हा प्रकार होता. त्यांत दोन यंत्रांमधील अशी स्वतंत्र जोड नव्हतीच. परिणाम असा होई कीं, केबलच्या शेवटीं बसविलेला लहानसा विरोधक निघाला अथवा मध्येंच कोणी सांधा सोडला, कीं साऱ्यांचाच व्यवहार बंद. आणि दोष कोणाच्या टेबलाखालीं आहे हें पाहण्यासाठीं इमारतभर फिरावें लागे.

१९९० सालीं प्रमाण ठरलेल्या नव्या पद्धतीनें ही व्यवस्था पालटली. पिळलेल्या तारांच्या जोड्यांची पातळ केबल आली, आणि प्रत्येक संगणकाची मधल्या यंत्राशीं स्वतंत्र जोड झाली. तिच्याबरोबरच तो हिरवा दिवाही अर्थपूर्ण झाला. दोन्ही टोंकांनीं, कांहीं बोलावयाचें नसलें तरीही, सुमारें दर १६ सहस्रांश सेकंदास विजेचा एक बारीक ठोका पाठवावा, असा नियम झाला. तिकडचा ठोका इकडे येत राहिला तर जोड जिवंत समजावी, थांबला तर मेली समजावी. रात्रीं गस्त घालणाऱ्या दोघां पहारेकऱ्यांनीं एकमेकांस हाळी द्यावी तशी ही योजना. नाडी चालते कीं नाहीं एवढाच ह्या ठोक्याचा अर्थ होता.

खरा पालट १९९५ सालीं झाला. त्या वर्षीं दसपट वेगाची, म्हणजे सेकंदास १० कोटी संकेतांची पद्धत आली, आणि जुनीं यंत्रें व नवीं यंत्रें एकाच तारेच्या दोन टोंकांस येऊं लागलीं. दोघांचा वेग जुळावा कसा? हा प्रश्न कोल्हापूरकरांस नवा नव्हता. आमचा लोहमार्ग १८९१ सालीं मिरजेपर्यंत सुरू झाला तो मीटरगेज. मुंबईहून पुण्यास येणारा मार्ग रुंद. इकडचे रूळ उत्तम, तिकडचे रूळ उत्तम, परंतु रुळांमधील अंतर जमेना, म्हणून मार्ग रुंद होईपर्यंत कित्येक दशकें आमच्या वाडवडिलांनीं बोचकीं घेऊन पुण्याच्या फलाटावर गाडी बदलली. त्या काळीं तोडगा उतारूच्या डोक्यावर होता; तारांच्या बाबतींत तो यंत्रांवरच सोंपविण्यांत आला. पूर्वींच्या एकेका ठोक्याच्या जागीं ठोक्यांचा एक लहानसा झुबका आला. त्यांत सोळा खुणांची जागा असते आणि त्या खुणांनीं प्रत्येक यंत्र आपणांस कोणकोणते वेग साधतात हें दुसऱ्यास कळवितें. दोघांस साधणाऱ्यांपैकीं जो सर्वांत वरचा तो ठरतो. ह्याप्रमाणें जी केवळ नाडी होती ती वाटाघाट झाली; जी तारेची स्थिति होती ती उभयतांची संमति झाली.

ह्या वाटाघाटींतील एक बारकावा पुढील प्रकरणाच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे. केबलमध्यें तारांच्या चार जोड्या असतात. १९९० च्या आणि १९९५ च्या सर्वांत प्रचलित पद्धतींस त्यांतील दोनच पुरत. तारांना जे आठ क्रमांक देतात त्यांतील एक, दोन, तीन व सहा ह्या क्रमांकांच्या तारा कामांत, बाकीच्या चार रिकाम्या. १९९९ सालीं सेकंदास १०० कोटी संकेतांची, म्हणजे गिगाबिटची पद्धत प्रमाण ठरली, तिला मात्र चारही जोड्या लागतात. परंतु वेग ठरविण्याची वाटाघाट जुन्या दोन जोड्यांवरूनच चालते. म्हणजे लग्नाची बोलणी ओसरीवर व्हावीं आणि घरांत पाहावें तों पुढच्या दोन खोल्यांना छप्परच नाहीं, असा प्रसंग येऊं शकतो. कांहीं कार्डें अशा वेळीं दोनचार प्रयत्न फसल्यावर आपण होऊन एक पायरी खालीं उतरतात. कांहीं उतरत नाहींत. तीं पुन्हां पुन्हां वाटाघाट करतात, पुन्हां पुन्हां तोंडघशीं पडतात, आणि दिवा लागत नाहीं.

जोड न होण्याचीं आजचीं कारणें पाहिलीं तर हा सारा इतिहास त्यांत थराथरानें सांपडतो. कोठें तार तुटलेली असते, कोठें ती शंभर मीटरच्या मर्यादेबाहेर गेलेली असते; हा तारखात्याचा थर. कोठें कांचतंतूच्या दोन धाग्यांची अदलाबदल होऊन बोलणाऱ्याशीं बोलणारा आणि ऐकणाऱ्याशीं ऐकणारा जोडला जातो, अथवा एका टोंकास ८५० आणि दुसऱ्यास १३१० नॅनोमीटर लहरीचा प्रकाश असतो. कोठें एका बाजूनें आपला वेग हट्टानें कायम केलेला असतो व दुसरी बाजू वाटाघाटीची वाट पाहत राहते. मग दिवा लागला तरी कारभार रखडत चालतो. त्याहून वेगवान यंत्रांत चुका सुधारण्याची पद्धत एका टोंकास चालू व दुसऱ्यास बंद असली तरी जोड होत नाहीं. आणि कोठें मधल्या स्विचचें तें दार कोणा व्यवस्थापकानें कधीं काळीं बंद करून ठेवलेलें असतें. ह्यांतील बहुतेक प्रसंगीं कार्ड निर्दोष असतें. तरीही पहिला आरोप कार्डावर येतो, कारण दिवा कार्डावर असतो.

आतां आमचें प्रकरण. पावसाळ्याचे दिवस होते. शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत जवळ आली होती. ज्या परिचरानें नवें कार्ड सर्व्हरमध्यें बसविलें, त्यानें तें हाताळतांना अंगांतील स्थिर विजेनें जाळलें, असा कार्यालयाचा निष्कर्ष झाला, आणि कार्डाची किंमत त्याच्या पगारांतून कापून घ्यावी असा प्रस्ताव आला. निष्कर्षास पुरावा होता. त्याच भिंतीवरच्या त्याच भोंकांत जुना संगणक लावला कीं दिवा लगेच लागे. अर्थात् केबल चांगली. केबल चांगली तर कार्ड वाईट. कार्ड वाईट तर तें वाईट करणारा हा. तर्कशास्त्राच्या पुस्तकांत घालावें असें हें अनुमान होतें.

परिचराचें म्हणणें वेगळें होतें, पण तें त्यास कोणी विचारलें नव्हतें. समितीपुढें तो बराच वेळ खालीं मान घालून उभा राहिला. शेवटीं म्हणाला, "सर, मी त्या रात्रीं सर्व्हर उचलून स्विचच्या खोलींत नेला होता. तिथें हातभर केबलनें लावला, तर दिवा लागला." हें आधीं कां सांगितलें नाहींस, असें विचारतां तो म्हणाला, "सांगितलं होतं. पण परवानगीवांचून सर्व्हर हलवला म्हणून उलट मलाच बोलणीं बसलीं."

येथें आम्हांस आमच्या विषयाची आठवण झाली. दोन बखरी परस्परविरुद्ध सांगतात तेव्हां त्यांतील एक खोटी मानून टाकणें हा सोपा मार्ग असतो. परंतु दोन्ही लिहिणारे प्रामाणिक असले तर दोन्ही विधानें एकाच वेळीं खरीं ठरतील अशी परिस्थिति कोणती, हें शोधणें हाच खरा मार्ग होय. जुन्या यंत्रासाठीं केबल चांगली. नव्या कार्डासाठीं हातभर केबल चांगली, भिंतींतील वाईट. म्हणजे दोष ना केवळ कार्डांत, ना केवळ तारेंत. तो त्या दोघांच्या संबंधांत असला पाहिजे. जुनें यंत्र १० कोटींच्या वेगाचें आणि नवें १०० कोटींच्या, हा फरक तेव्हां डोळ्यांत भरला. महाविद्यालयांतील संगणकशास्त्राच्या तरुण प्राध्यापकांस आम्हीं विनंति केली कीं, नव्या कार्डानें १० कोटींहून वरचा वेग मागूंच नये असें करून पाहावें. त्यांनीं 'ईथटूल' नांवाच्या आज्ञेनें तसें करतांच दिवा लागला. समितींतील कोणी कांहीं बोललें नाहीं.

मग केबल तपासण्याचें आठ दिव्यांचें लहान यंत्र आणलें. एक, दोन, तीन आणि सहा हे दिवे लागले. चार, पांच, सात आणि आठ अंधारांत राहिले. भिंतीवरची पेटी उघडली तेव्हां उलगडा झाला. एकाच केबलच्या चार जोड्या मधोमध वांटून दोन भोंकांस दोन दोन दिल्या होत्या. एका केबलवर दोन संगणक! जुनें दप्तर काढून पाहिलें तों सुमारें वीस वर्षांपूर्वींच्या एका बिलांत खोलीमागें केबल एक आणि भोंकें दोन, असा हिशेब स्पष्ट लिहिलेला सांपडला. त्या काळीं रिकाम्या पडणाऱ्या दोन जोड्या वापरून कोणी हिशेबी माणसानें निम्मी केबल वांचविली होती. ह्यांत त्याचा दोष म्हणावा तर त्या वेळच्या वेगास ती व्यवस्था पुरेशी होती, आणि महाविद्यालयाची थैली लहान होती. आपल्या काळापुरता तो शहाणपणाच होता. परंतु त्यानें केलेली गोष्ट त्यानें कोठेंही लिहून ठेवली नाहीं. वीस वर्षें ती भिंतीआड मुकाट्यानें बसली आणि जिचा तिच्याशीं कांहीं संबंध नव्हता अशा एका माणसाच्या पगारावर ती एके दिवशीं येऊन आदळली.

नवी केबल एका दुपारीं टाकून झाली. अर्ज वेळेंत गेले. कपातीचा प्रस्ताव रद्द झाला, आणि तसें पत्र परिचरास देण्यांत आलें. त्या पत्रांत 'दोष आढळला नाहीं' असे शब्द होते. 'आमची चूक झाली' असे नव्हते. तीन आठवडे तो माणूस ज्या नजरांखालीं वावरला, त्यांची भरपाई कोणत्याही ठरावानें होत नाहीं, हें आम्हांस त्या पत्रावर सही करतांना तीव्रतेनें जाणवलें.

ह्या प्रकरणावरून आमचें जें मत बनलें तें थोडक्यांत असें. बिघाड ही बहुधा आजची घटना नसते. कालच्या एखाद्या निर्णयाची आजच्या गरजेशीं पडलेली गांठ असते. ती सोडवितांना 'कोणीं मोडलें?' हा प्रश्न पहिला विचारला कीं समोर उभा असलेला सर्वांत दुबळा मनुष्य उत्तर म्हणून हातीं येतो. 'हें पूर्वीं कशासाठीं असें केलें होतें?' हा प्रश्न पहिला विचारला तर भिंत उघडावी लागते, दप्तर चाळावें लागतें, दोन्ही टोंकांस जाऊन पाहावें लागतें. वेळ लागतो, पण उत्तर खरें मिळतें. तारेच्या एकाच टोंकाशीं बसून केलेला न्याय हा न्याय नव्हे, हें तारखात्याच्या माणसांस दीडशें वर्षांपूर्वीं कळलें होतें. शहाण्या समित्यांस तें अद्याप कळावयाचें आहे.

कांहीं दिवसांनीं आम्ही त्या खोलींत सहज गेलों असतां भिंतीवरच्या जुन्या पेटीस चिकटविलेली एक चिठी दिसली. अक्षर परिचराचें होतें. 'ह्या केबलमध्यें फक्त दोन जोड्या आहेत. नवें मशीन लावूं नये. नवी केबल शेजारीं आहे.' खालीं तारीख होती. आमच्या समितीनें सतरा पानांचा अहवाल लिहिला होता. पुढें त्या खोलींत येणाऱ्याच्या उपयोगीं ह्या चार ओळीच पडतील, असें आम्हांस वाटतें.